चिंतामणी रंगाचं कपाट

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे सनमायकाच्या कपाटाला प्रायमर मारला, म्हणजे रंगाच्या आधीचा पांढरा हात. अंगणात पोती अंथरून त्यावर कपाट उभं केलं होतं, दोन्ही दारं बिजागऱ्यांतून सोडवून भिंतीला टेकवली होती. सांगाडा आणि उजवं दार माझ्याकडं, डावं दार शालनकडं. शालन म्हणजे माझी बायको. ती पाटावर बसून ब्रश चालवत होती, मी कमरेत वाकून. ऊन चांगलं होतं. हायवेच्या अंगानं उसाचे ट्रॅक्टर कारखान्याला चालले होते, प्रत्येकाच्या टेपवर वेगळं गाणं, आणि एक गाणं संपायच्या आत दुसरं त्याच्यावर येऊन पडायचं. मलकापुरात राहायचं तर हे ऐकून घ्यावंच लागतं.

"आवं, ह्यो बुरूस केसं सोडतोय."

"तू दाबतीस. दाबू नगं, नुसता फिरव."

"भाकरी थापण्यात जलम गेला माझा. दाबायची सवय हाय."

"मग जा, भाकरी थाप. दार मला दे."

"दार माझं हाय. हात लावायचा न्हाई."

मी हात लावला नाही. एक वाजेपर्यंत काम उरकलं. गोडेतेल आणि फडक्यानं हात पुसले, मग जेवलो. ज्वारीची भाकरी, वरण्याची आमटी, कांदा. आमटी जरा खारट झाली होती आणि मी तसं बोललो. ती म्हणाली, "रंगाच्या वासानं जिभंला काय कळंना झालंय." ताटं तशीच मोरीत सारून ती चटईवर कलंडली आणि म्हणाली, "घटकाभर पडते. चार वाजता हाक मारा, च्या करते." मी बाहेर जाऊन टर्पेंटाईनमध्ये ब्रश धुतले, दारावर माश्या बसत होत्या त्या हाकलत बसलो. चारला हाक मारली. मग परत मारली. तिसऱ्यांदा मारली नाही, आत गेलो.

नातीनं मला ही वही दिली ती लहानपण लिहायला. "आजोबा, तुम्ही कसे वाढलात ते लिहा," असं तिचं म्हणणं. माझी शाळा चौथीतच सुटली, त्यामुळं अक्षर कोंबड्यानं माती उकरल्यासारखं आहे, पण लिहितो. मागच्या पानांवर पाटणच्या वरच्या अंगाचं आमचं गाव, आईबाप, गुरं हे सगळं लिहून झालं. आता कराडातली रंगाच्या धंद्यातली वर्षं लिहायची पाळी आली, आणि त्या वर्षांपाशी जायला मला ह्या कपाटाच्या वाटेनंच जावं लागतंय. दुसरी वाट मला सापडत नाही. शोधायचं त्राणही नाही.

मी रंगकाम शिकलो बापू पेंटरकडं. माणूस कडक. हाताला ब्रश द्यायच्या आधी त्यानं मला पुरं वर्ष नुसतं घासायला लावलं. नवं लाकूड यायचं, त्याच्या रेषा, गाठी, कुसळं, सगळं पॉलिश पेपरनं घासून असं करायचं की वरनं तळहात फिरवला तर अडकू नये. बापू डोळे मिटून हात फिरवायचा. कुठं अडकलं की पेपर माझ्या डोक्यात. तिथं माझ्या हाडात एक गोष्ट पक्की बसली, की घासायचं ते खडबडीत असलेलं गुळगुळीत करायला. ही गोष्ट खोटी नाही. पण एवढी एकच खरी असं धरून मी म्हातारा झालो.

त्याच सुमाराला माझं लग्न झालं. शालन कडेगावकडची, चार भावांत एकटी बहीण, तोंडानं तिखट. मलकापुरात एक पत्र्याच्या छपराची खोली भाड्यानं घेतली होती. लग्न करून तिला आणली तर ती उंबऱ्यातच थांबली आणि खोलीकडं बघत राहिली. त्याचं असं झालं होतं, की खोली मी लग्नाच्या आधी आठवडाभर राबून रंगवली होती, पण रंग सगळा कामावरनं उरलेला. रंगाऱ्याचं घर असंच असतं. गिऱ्हाइकाच्या डब्याच्या बुडाशी दोन बोटं रंग उरतो, तो मालक घेऊन जा म्हणतो, आणि आपण तो घराला फासतो. आमच्या एका भिंतीला शाळेचा पिवळा होता, दुसरीला दवाखान्याचा हिरवा, तो अर्ध्यातच संपला म्हणून वर चुना, आणि दाराला बँकेचा करडा. विकत रंग आणून तो स्वतःच्या घराला लावायचा, हे आमच्या धंद्यात कुणाला सुचतच नव्हतं. मलाही सुचलं नाही. ती उंबऱ्यातनं म्हणाली, "ह्ये घर हाय का गावातल्या समद्यांची वर्गणी?"

पण राहिली हसून. कुणी आलं गेलं की त्याला म्हणायची, "बसा की दवाखान्याला टेकून." भांडण झालं की रुसून पिवळ्या भिंतीकडं तोंड करून बसायची आणि म्हणायची, "मी शाळंत गेलीया, मला बोलायचं न्हाई." माझ्या अंगाला कायम ऑईलपेंटचा वास, त्यावर म्हणायची, "लोकांच्या घरी दिवाळी वर्सातनं एकदा येती, माझ्या घरी रोज सांजच्याला येती आणि भाकरी मागती." स्टोव्ह फरफरायचा, पत्रा उन्हानं ताडताड वाजायचा, आणि ती खर्डा कुटायची तेव्हा सगळ्या चाळीला ठसका लागायचा. ह्या वासांचं आणि आवाजांचं मला आता नवल वाटतं, की आपण तेव्हा ऐकत होतो आणि ऐकत नव्हतो.

तिनं रंग मागितला तो पहिल्या दिवाळीला. भिंतीत एक कोनाडा होता, देव ठेवायचा. म्हणाली, "एवढा कोनाडा तरी चिंतामणी करा." चिंतामणी म्हणजे लुगड्यातला रंग. निळा म्हणावा तर निळा नाही, हिरवा म्हणावा तर हिरवा नाही. मी म्हणालो, "उरला की आणतो." हे मी मनापासून म्हणालो. पण कराडात तेव्हा घराला चिंतामणी कोण लावणार? लोक पिवळा लावायचे, पिस्ता लावायचे, लई झालं तर आकाशी. जो रंग कुणी लावलाच नाही तो उरणार कुठनं?

दिवाळी उद्यावर आली तेव्हा मी एक शहाणपणा केला. एका सुभेदाराच्या बंगल्याच्या खिडक्यांचा निळा उरला होता, दवाखान्याचा हिरवा थोडा खरवडून निघाला, जरा उजळ करायला बँकेचा करडाही घातला, आणि ढवळून कोनाड्याला लावला. ओला असताना बरा दिसला. वाळल्यावर ओढ्याच्या तळाशी असतो तसला रंग झाला. शालन पणती घेऊन आली. पणतीच्या उजेडात तिनं कोनाडा बघितला. "ह्यो चिंतामणी न्हवं. ह्यो गाळ हाय," एवढंच म्हणाली आणि देव उचलून तिनं डब्यावर मांडले. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं नंतर कधी रंगाचं नाव काढलं नाही आणि मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. खरं ते लिहितो. पुढं स्वतःच्या दोन खोल्या बांधल्या, त्याही उरलेल्या रंगानंच रंगवल्या. ती म्हणायची, "मारा, काय असंल त्ये."

कपाट आलं ते गेल्या हिवाळ्यात. आमचा मुलगा संदीप पुण्यात असतो. त्याच्या फ्लॅटमध्ये नवं फर्निचर केलं, तेव्हा जुनं कपाट त्यानं टेम्पोत घालून आमच्याकडं पाठवलं. प्लायवूडचं, वर कॉफी रंगाचा सनमायका, कडेनं थोडा उचकटलेला. शालननं त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या, हात कमरेवर ठेवले आणि म्हणाली, "ह्ये चिंतामणी करायचं."

मी म्हणालो, "कपाटाला कुणी चिंतामणी लावतं का? लोकं हसतील."

"हसू द्या. चाळीस वर्सं लोकांच्या रंगात ऱ्हायली. आता लोकांनी माझा बघावा."

मला वाटलं होतं ती कोनाडा विसरली. बायका विसरत नाहीत, आपण बघत नाही म्हणून आपल्याला तसं वाटतं.

वडापच्या जीपनं कराडला गेलो. रंगाच्या दुकानात आता मशीन असतं, पाहिजे तो रंग त्यात मिसळून मिळतो. दुकानातल्या पोरानं पुढ्यात रंगाचं कार्ड ठेवलं. "आजी, कुठला नंबर?"

"नंबर कशाला? चिंतामणी."

"तसला कार्डावर नाही, आजी."

"कार्डावर नसंल. माझ्यापाशी हाय." आणि तिनं पिशवीतनं ब्लाऊजपिसाचा तुकडा काढून काउंटरवर पसरला. पोरगं हसलं, पण त्यानं बघून बघून रंग केला, तीन वेळा बोटानं कागदावर लावून दाखवला. दोनदा तिनं मान हलवली. तिसऱ्यांदा ती नुसती कापडाचं टोक त्या ओल्या रंगाशेजारी धरून उभी राहिली. मला समजलं, हाच. येताना वडापमध्ये डबा तिनं मांडीवरच ठेवला.

त्या पोरानं मला सांगितलं होतं, "आजोबा, सनमायका आधी घासा, आणि त्याच्यावर धरणारा वेगळा प्रायमर येतो तो न्या." मी म्हणालो, "तुझ्या बापाच्या जन्माच्या आधीपासनं ब्रश धरतोय." घरी साधा प्रायमर होता. सनमायका तर काचेसारखा गुळगुळीत. त्यात काय घासायचं? बापू असता तर डोळे मिटून त्याच्यावरनं हात फिरवून पास म्हणाला असता.

शालन म्हणाली, "आवं, पर गुळगुळीत भितीला पोतारा बसत न्हाई. आमी माहेरी पांढऱ्या मातीचा हात द्यायचो तर आधी जुनी भीत खरवडायचो. न्हाईतर पोपडं सुटत्यात."

शेजारचा शंकर तेव्हा कट्ट्यावर बसला होता. त्याच्या देखत मी म्हणालो, "बघ गड्या, चाळीस वर्सं रंगात काढली, आता शेण सारवणारी मला शिकिवती." शंकर हसला. ती पण थोडी हसली, चारचौघांत हसावं लागतं तशी.

मी तसाच प्रायमर मारला. दोन दिवस वाळवला. तिसऱ्या दिवशी तिच्या हातातल्या किल्ल्यांचा जुडगा दाराला घासला आणि वीतभर प्रायमर सायीसारखा सुटून खाली लोंबला. मी नखानं ओढला, तर आणखी आला. सगळं दार हातानं सोलून निघालं. मी कट्ट्यावर बसलो. मला वाटलं आता ही बोलणार, आणि बोलावं असं वाटत होतं. ती आत गेली, पत्र्याची पत्ती आणि पॉलिश पेपर घेऊन आली, पत्ती माझ्या हातात दिली. "हं. खरवडा." पेपर तिनं स्वतः घेतला.

दोन दिवस आम्ही घासत होतो. जिथं माझा हात आयुष्यभर खडबडीचं गुळगुळीत करत आला तिथं आता उलटं करायचं होतं, चकाकी मारून टाकायची होती. माझा हात सारखा चुकायचा, अती घासायचा. तिचा बरोबर चालायचा. "बास. ओरखडा आला की बास," म्हणायची. धूळ उडायची ती कॉफी रंगाची, बारीक, तिच्या भुवयांवर बसायची. तोंडाला पदर बांध म्हणून मी एकदा म्हणालो, तिनं बांधला, मग बोलायला अडचण व्हायला लागली म्हणून सोडला. मी परत म्हणालो नाही. ती गेली त्या संध्याकाळी डॉक्टरला मी पहिलं हेच विचारलं. तो म्हणाला, "धुळीचा संबंध नाही, काका, हार्ट थांबलं." तो शिकलेला आहे. तरी माझ्या मनात ती धूळ आहे ती आहे.

मग मी एकटा कराडला जाऊन त्या पोराकडनं सनमायकावर धरणारा प्रायमर आणला, आणि तो आम्ही दोघांनी मारला. ते वर लिहिलंय.

संदीप पुण्याहून येईपर्यंत थांबलो. घाटावरनं परत आलो तेव्हा बरीच रात्र झाली होती. घर माणसांनी भरलेलं. माझी थोरली बहीण, आक्का, दारात बसली होती आणि पुढं अंगणात पांढरं कपाट उघडं उभं, दारं बाजूला टेकवलेली. येणाऱ्या माणसाला त्याला वळसा घालून यावं लागत होतं. मेव्हणा, शालनचा भाऊ, म्हणाला, "ह्ये हलवा की हितनं. उद्या माणसं यायची, बसायची कुठं?" कुणी म्हणालं शंकरच्या गोठ्यात टाका. संदीप माझ्याशेजारी येऊन बसला, डोळे सुजलेले. हळूच म्हणाला, "बाबा, तसंच पांढरं राहू दे. पांढरं पण छान दिसतंय."

"पांढरा रंग न्हाई. प्रायमर हाय."

आक्कानं ऐकलं. "आरं, रंगाचं नाव काढू नगंस. घरातली बाई गेलीया. वरीसभर ह्या घरात रंगाला हात लावायचा न्हाई. ती रीत हाय. त्यो डबा बी दे कुणाला तरी, डोळ्यांम्होरं नगं."

आक्का खोटं बोलत नव्हती, आमच्यात रीत तीच आहे, आई गेली तेव्हा मी पण पाळली होती. पण मी हिशोब वेगळा करत होतो. वर्षभर म्हणजे प्रायमर खराब होणार, परत घासावा लागणार. वर्षानं मी असेन की नाही कुणाला ठाऊक. नसलो तर संदीप ते भंगारात देईल, आणि त्याचं काही चुकणार नाही, त्याच्या दृष्टीनं ते जुनं कपाट. शालननं आयुष्यात एक रंग मागितला, तो डब्यातच राहणार. पहिल्यांदा मी गाळ दिला होता. आता काहीच देणार नाही.

सकाळी उठलो तेव्हा उजाडलं होतं. आमची चूल बंद, शंकरची बायको किटलीतनं चहा घेऊन आली होती, तो घेतला. अंगणात गेलो. सकाळचं ऊन तिरपं येतं, आणि रंगारी काम तपासतो ते तिरप्या उजेडातच, कारण भर उन्हात चूक दिसत नाही. तिच्या दारावर पाच ओघळ होते. ब्रश भरून घ्यायचा आणि दाबायचा, त्यानं येतात तसे. वरनं खाली उतरून टोकाशी थेंब जमून तसेच वाळलेले. मी तिच्या पाटावर बसलो आणि ते बघत राहिलो. बराच वेळ बसलो असेन, चहा दुसऱ्यांदा आला आणि गार झाला.

दुसऱ्या कुणी ते ठेवले असते. मलाही वाटलं ठेवावेत. पण ऑईलपेंटची चकाकी आली की ओघळ आहेत त्याच्या दुप्पट दिसतात. येणारा जाणारा म्हणाला असता, रंग तेवढा चांगला, काम कच्चं. तिनं ते दार माझ्याकडनं भांडून घेतलं होतं.

पॉलिश पेपर चौघडी केला आणि घासायला लागलो.

आवाजानं संदीप बाहेर आला. "बाबा, काय करताय?"

"ओघळ काढतोय."

"आज?"

"उघडा प्रायमर धूळ धरतो."

त्याच्या मागनं आक्का आली, तिनं बघितलं, दोन-तीनदा कपाळ बडवलं, मला नको नको ते बोलली. आमच्या घरातला शब्द तिचा असतो, मी साठ वर्षं मोडला नव्हता. "तुला काळीज हाय का न्हाई रं?" म्हणाली. मी घासत होतो. मग ती माझ्याकडं पाठ करून उंबऱ्यात बसली, पण आत गेली नाही. ओघळ निघाले. डोळे मिटून हात फिरवला, अडकला नाही. कोरड्या फडक्यानं दार पुसलं, मेव्हण्याला म्हणालो दुसऱ्या अंगाला धर, आणि त्यानं धरलं. डब्याचं झाकण उघडून काडीनं ढवळलं.

आधी तिचं दार मारलं, मग माझं, मग सांगाडा. भेटायला येणारी माणसं कपाटाला वळसा घालून येत होती. अकराच्या आत पहिला हात पुरा झाला. दुसरा हात बाकी होता म्हणून ब्रश धुतला नाही. रिकाम्या डब्यात पाणी घेतलं आणि त्यात तो बुडवून ठेवला.